वाचकांचे प्रश्न : मध्ययुगातील रब्बी आणि त्यांचा अधिकार

गेल्या अंकात मध्ययुगीन यहुदी विद्यापरंपरेविषयी एक टिपण प्रसिद्ध केले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच अंगाने विचारणा करणारी पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : यहुदींना त्या काळी स्वतःचे राज्य नव्हते आणि पोपसारखा सर्वोच्च धर्मगुरूही नव्हता. मग रब्बींचा, म्हणजे यहुदी धर्मपंडितांचा, शब्द कोणाच्या बळावर प्रमाण मानला जात असे?

उत्तर : प्रथम राजसत्तेचा भाग सांगून टाकू. बगदादच्या खलिफांच्या राज्यात विवाह, वारसा आणि आपापसांतील देणेघेणे यांचे निवाडे स्वतःच्या कायद्याप्रमाणे करण्याची मुभा यहुदी समाजाला होती. दावीद राजाच्या वंशातले म्हणवणाऱ्या एका घराण्यातील पुरुषाला समाजाचा प्रमुख म्हणून खलिफाची मान्यता मिळे. निवाडा न जुमानणाऱ्यावर बहिष्कार घालता येई, आणि सगळे जगणे समाजातच असलेल्या माणसाला ती शिक्षा पुरेशी जड होती. परंतु बगदादच्या आसपास घातलेल्या बहिष्काराची भीती स्पेनमधल्या किंवा ट्युनिशियामधल्या माणसाने काय म्हणून बाळगावी? तरीही तेथून प्रश्न येत राहिले, उत्तरांची वाट पाहिली गेली आणि ती मानलीही गेली. माझ्या मते रब्बींच्या अधिकाराचे मूळ या पत्रव्यवहारात शोधले पाहिजे. ज्याला दूरदूरचे लोक विचारतात तो मोठा, आणि ज्याचे उत्तर पटते त्यालाच लोक पुन्हा विचारतात, असा तो सरळ व्यवहार होता.

बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सूरा आणि पुंबेदिथा या दोन विद्यापीठांचा दबदबा साधारण सहाव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंत टिकला. दोन्ही पीठे पुढे बगदादमध्येच नांदू लागली, पण नावे जुनीच राहिली. पीठाच्या प्रमुखाला ‘गाओन’ म्हणत. वर्षातून दोनदा, अदार आणि एलूल या महिन्यांत, गावोगावचे अभ्यासक पीठात जमत. या मेळ्याचे दहाव्या शतकातील एक वर्णन उपलब्ध आहे. गाओनसमोर दहा-दहा पंडितांच्या सात ओळी बसत आणि ज्याची त्याची जागा ठरलेली असे. अदार महिन्यात बाहेरगावांहून आलेले प्रश्न एकेक करून बाहेर काढले जात. प्रथम सगळे ‘आपल्यापुढे आम्ही काय बोलावे’ असा संकोच दाखवत, मग हळूहळू बोलू लागत, आणि वाद चांगला पेटल्यावर गाओन सगळ्यांचे ऐकून घेऊन लेखनिकाला उत्तर सांगे. महिना सरताना ती सारी उत्तरे सभेत वाचून दाखवली जात, त्यांवर गाओनची सही होई आणि मगच ती रवाना होत. प्रश्नाबरोबर बहुधा पीठासाठी वर्गणी आलेली असे, त्यामुळे विद्यापीठाचा चरितार्थही बराचसा याच टपालावर चाले.

या उत्तरांतील काही पुढे स्वतंत्र ग्रंथ म्हणूनच मान्यता पावली. स्पेनमधील यहुदींनी वर्षभराच्या प्रार्थनांचा क्रम विचारला, तेव्हा नवव्या शतकातील अमराम गाओन यांनी पाठवलेले उत्तर हे आज ज्ञात असलेले पहिले सुसूत्र प्रार्थनापुस्तक ठरले. ट्युनिशियातील कैरवानच्या लोकांनी मिश्ना (तोंडी चालत आलेल्या धर्मकायद्याचा संग्रह) आणि तालमुद (त्यावरील चर्चांचा ग्रंथ) यांची रचना कशी झाली असे विचारले, तेव्हा शेरीरा गाओन यांनी ९८७ च्या सुमारास पिढ्यान्‌पिढ्यांची गुरुपरंपरा पत्रातून कळवली. तालमुदच्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही त्या पत्राला वळसा घालून जाता येत नाही.

खलिफाची मान्यता आणि विद्वत्तेचा मान यांच्यात खटके उडत नसत असे मात्र नाही. इजिप्तमध्ये जन्मलेले सादिया (८८२–९४२) यांना बाहेरचे असूनही ९२८ मध्ये सूराच्या प्रमुखपदी बसवण्यात आले. नेमणूक करणारे होते समाजप्रमुख दावीद बेन जक्काई. दोनच वर्षांत वारशाच्या एका प्रकरणातील निवाड्यावर सही करण्यास सादियांनी नकार दिला आणि दोघांचे असे बिनसले की एकाने दुसऱ्याला पदच्युत केल्याचे जाहीर केले, तर दुसऱ्यानेही उलट तेच केले. पदावरून दूर असलेल्या त्या वर्षांतच सादियांनी श्रद्धा आणि बुद्धी यांचा मेळ घालणारा आपला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबी भाषेत लिहून पूर्ण केला. खुर्ची गेली तरी प्रश्न विचारणारे गेले नाहीत.

प्रश्न : एवढी जुनी पत्रे टिकली कशी?

उत्तर : बरीचशी नकलांमुळे. बगदादहून निघालेली पत्रे व्यापारी तांड्यांबरोबर जुन्या कैरोमध्ये, म्हणजे फुस्तात येथे येत, तेथे त्यांची नक्कल उतरवून घेतली जाई आणि मग ती पश्चिमेकडे जात. फुस्तातमधील बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक बंद खोली होती. देवाचे नाव असलेला कागद फेकू नये या भावनेतून जीर्ण पोथ्या तेथे टाकल्या जात, आणि पुढे पुढे लेखी असे काहीही. करारपत्रे, मालाच्या याद्या, घटस्फोटाची पत्रे, मुलांचे अक्षर गिरवण्याचे कागद अशी सगळी सरमिसळ तेथे झाली. केंब्रिजचे अध्यापक सॉलोमन शेक्टर १८९६–९७ मध्ये तेथे गेले आणि सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे केंब्रिजला घेऊन आले. धर्मपंडितांचे ग्रंथ पूर्वीही उपलब्ध होते. त्यांना प्रश्न विचारणारी माणसे मात्र या बाडांतूनच आपल्यासमोर आली.

प्रश्न : तालमुदच्या प्रत्येक पानावर राशींचे भाष्य का छापतात? एका माणसाला हा मान कसा मिळाला?

उत्तर : रब्बी श्लोमो यित्सहाकी (१०४०–११०५) हे फ्रान्सच्या शांपेन प्रांतातील त्र्वा गावचे. नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना राशी म्हणतात. तरुणपणी ते ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्त्स आणि वर्म्स येथील पाठशाळांत शिकले आणि १०७० च्या सुमारास गावी परतून शिकवू लागले. तालमुद हा ग्रंथ मुळातच वादविवादाचा वृत्तान्त असल्यासारखा आहे. त्यात विरामचिन्हे नाहीत, कोण बोलतो आहे हे पुष्कळदा कळत नाही, वाक्य प्रश्नार्थक आहे की ठाम विधान आहे हे वाचकानेच ठरवायचे असते, आणि भाषा अरामी, म्हणजे फ्रान्समधल्या मुलाला सर्वस्वी परकी. गुरू शेजारी बसून सांगेल तेव्हाच हा ग्रंथ उलगडत असे. राशींनी ते शेजारी बसणेच लेखणीत उतरवले. अडखळण्याची जागा ते नेमकी ओळखतात, तेथे चारसहा शब्द लिहितात आणि बाजूला होतात. आपली विद्वत्ता दाखवण्याचा मोह त्यांना झालेला मला तरी कोठे दिसत नाही. एखादे अवजार, वनस्पती किंवा शिवणीचा प्रकार हिब्रूतून समजणार नाही असे वाटले, तर ते त्याचा बोलीतला फ्रेंच शब्द हिब्रू लिपीत लिहून टाकतात. असे शब्द हजारोंनी आहेत, आणि अकराव्या शतकातील फ्रेंचचे लेखी नमुने थोडे असल्यामुळे त्या भाषेच्या अभ्यासकांना आज राशींकडे यावे लागते.

त्यांचा आणखी एक विशेष सांगण्याजोगा आहे. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात लाबानचा उल्लेख ‘याकोब आणि एसाव यांची आई रिबका हिचा भाऊ’ असा येतो. याकोब आणि एसाव कोणाचे, हे वाचकाला तोवर चांगलेच ठाऊक झालेले असते. मग ते येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन काय? राशी लिहितात, यातून काय शिकवायचे आहे ते मला माहीत नाही. काहीच सांगायचे नव्हते तर गप्प राहता आले असते. पण येथे अडचण आहे एवढे तरी विद्यार्थ्याला कळावे, म्हणून त्यांनी ती ओळ लिहिली. त्यांचा नातू श्मुएल बेन मेईर स्वतः मोठा भाष्यकार होता. त्याने नोंदवून ठेवले आहे की सरळ अर्थावरून आपला आजोबांशी वाद होई, आणि सवड मिळाली असती तर आपण नव्याने भाष्ये लिहिली असती असे त्यांनी कबूल केले होते.

मान मिळाला तो या पुढच्या पिढ्यांमुळेही. मक्कोथ या प्रकरणाच्या १९ व्या पानावर राशींचे भाष्य मध्येच थांबते आणि तेथे एक टीप येते, ती अशी की आमच्या गुरूंचा आत्मा येथे पवित्रतेत निघून गेला, यापुढील शब्द त्यांचे शिष्य यहूदा बेन नाथान यांचे. हे यहूदा त्यांचे जावईही होते. आजही छापील पानावर ती टीप तशीच असते. मुली, जावई आणि नातू यांच्या या घरातून जी भाष्यपरंपरा निघाली तिला ‘तोसाफोत’, म्हणजे पुरवण्या, असे नाव पडले. तिचा अध्वर्यू म्हणजे राशींचा दुसरा नातू याकोब बेन मेईर, ज्याला रब्बेनू ताम म्हणतात. राशी पानावरची ओळ समजावून सांगतात, तर ही मंडळी ती ओळ तालमुदमध्येच दुसरीकडे आलेल्या ओळीशी कशी जुळते असे विचारतात, आणि आजोबांचे म्हणणे खोडून काढताना त्यांची लेखणी जराही कचरत नाही. व्हेनिसमध्ये दानियेल बोंबेर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२०–२३ या काळात संपूर्ण तालमुद प्रथमच छापला. त्यात मधोमध मूळ संहिता, आतल्या बाजूला राशी आणि बाहेरच्या बाजूला तोसाफोत अशी मांडणी आहे. त्या छपाईतील पृष्ठांक पुढे सर्वांनी स्वीकारले, त्यामुळे जगात कोठेही तालमुदचा दाखला त्याच पानाने देता येतो.

प्रश्न : ‘राशी लिपी’ त्यांनी स्वतः तयार केली होती काय?

उत्तर : नाही. ते वळण स्पेनकडच्या यहुदींच्या हस्ताक्षराचे असून राशींच्या मृत्यूनंतर साडेतीन शतकांनी मुद्रकांनी ते उचलले. मूळ संहिता आणि भाष्य डोळ्यांना वेगवेगळे दिसावे एवढाच त्यामागचा हेतू होता. छपाईचे साल असलेले पहिले हिब्रू पुस्तक म्हणजे इटलीत रेज्जो दि कलाब्रिया येथे १४७५ मध्ये छापलेले राशींचे तोराभाष्य, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवरचे भाष्य. ते या वळणात असल्यामुळे लिपीला त्यांचे नाव चिकटले.

प्रश्न : मैमोनिडीस वैद्य होते, तत्त्वज्ञ होते आणि धर्मशास्त्रकारही होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या ग्रंथांना त्यांच्याच लोकांनी विरोध का केला?

उत्तर : मोशे बेन मैमोन, संक्षेपाने रंबाम, यांचा जन्म कोर्दोव्याचा, ११३८ मधला. अल्मोहद राजवटीने यहुदी आणि ख्रिस्ती प्रजेचे जगणे अशक्य केल्यावर कुटुंब कोर्दोव्यातून बाहेर पडले आणि फेझ, आक्का असे करत ११६५ नंतर इजिप्तमध्ये स्थिरावले. धर्मविद्येवर पोट भरू नये असे त्यांचे कडवे मत होते आणि मिश्नावरील भाष्यात त्यांनी ते फार कठोर शब्दांत मांडले आहे. सुरुवातीला ते परवडलेही, कारण धाकटा भाऊ दावीद व्यापार करून घर चालवत होता. तो हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर त्याचे, मोशेंचे आणि इतरांचेही पैसे गेले, आणि मागे त्याची बायको व लहान मुलगी राहिली. त्या धक्क्याने आपण वर्षभर अंथरुणाला खिळून होतो असे मोशेंनी कित्येक वर्षांनी एका पत्रात लिहिले आहे. पुढे उपजीविकेसाठी त्यांनी वैद्यकी पत्करली आणि सलादीनचा वजीर अल्-फादिल याच्या आश्रयाने ते दरबारी वैद्य झाले. त्यांच्या अरबी ग्रंथाचा हिब्रू अनुवाद करणाऱ्या श्मुएल इब्न तिब्बोन यांना भेटीला यायचे होते. ११९९ च्या पत्रात मोशे त्यांना आपला दिनक्रमच कळवतात. रोज सकाळी फुस्तातहून कैरोला दरबारात जायचे, दुपार उलटल्यावर भुकेने व्याकूळ होऊन घरी यायचे, तर ओसरी रोग्यांनी भरलेली. जनावरावरून उतरून हात धुवायचे, थोडे खाऊन येतो असे म्हणून त्यांची विनवणी करायची, चोवीस तासांतले ते एवढेच जेवण, आणि मग रात्र होईपर्यंत रोगी तपासायचे, शेवटी शेवटी तर थकव्याने आडवे पडून.

अशा माणसाने ‘मिश्ने तोरा’ हा चौदा भागांचा ग्रंथ सुमारे दहा वर्षांत रचला. प्रार्थनेपासून नुकसानभरपाईपर्यंत आणि यरुशलेमच्या उद्ध्वस्त मंदिरातील विधींपासून राजाच्या कर्तव्यांपर्यंत सगळा धर्मकायदा त्यात विषयवार, स्वच्छ हिब्रूत मांडलेला आहे. विरोधाचे मुख्य कारण या स्वच्छतेतच होते. तोरा वाचावी, त्यानंतर हा ग्रंथ वाचावा, मधल्या दुसऱ्या ग्रंथाची गरज पडणार नाही, असे त्यांनी प्रस्तावनेतच लिहिले, आणि कोणता नियम तालमुदमध्ये कोठून घेतला हे ग्रंथात कोठेही सांगितले नाही. प्रोव्हान्समधील अब्राहम बेन दावीद (मृत्यू ११९८) यांनी नेमके यावर बोट ठेवले. पूर्वीचे ग्रंथकार आधार देत आणि कोणाचे मत आहे ते सांगत, तेव्हा न्यायाधीशाला दोन मतांतून निवड करता येई. आता या लेखकाचे मत मी आपले मत सोडून का स्वीकारावे, असा त्यांचा रोख आहे. मला हा आक्षेप मत्सराचा वाटत नाही. पत्रांतून आणि वादांतून वाढलेल्या परंपरेत वाद वगळून फक्त निकाल सांगणे म्हणजे विचारणाऱ्याचा हक्क काढून घेणे होते.

याची झळ स्वतः मोशेंनाही लागली. अलेक्झांड्रियाच्या एका न्यायाधीशाला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की एक गृहस्थ मनुष्यवधाच्या प्रकरणातील पाने घेऊन आले आणि एका नियमाचा आधार विचारू लागले. असेल अमुक प्रकरणात, असे मोशे म्हणाले. गृहस्थ म्हणाले, तेथे पाहून झाले. मग मोशेंनीही शोधले, तर त्यांनाही सापडेना. पाहुणे निघून गेल्यावर आठवले की तो नियम अगदी भलत्याच प्रकरणात ओघात येऊन गेला आहे. तेव्हा त्यांना परत बोलावून तो दाखवला. ग्रंथकर्त्यालाच शोधावे लागते तर वाचकाने काय करावे, असे स्वतःच म्हणून त्यांनी आधारांची स्वतंत्र यादी करण्याचा विचार बोलून दाखवला आहे.

‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’ या त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथावरचे वादळ याहून मोठे होते, पण ते त्यांच्या मृत्यूनंतर (१२०४) उठले. १२३२ च्या सुमारास उत्तर फ्रान्सच्या रब्बींनी त्याच्या वाचनावर बहिष्काराचे अस्त्र उगारले आणि प्रोव्हान्सच्या काही समाजांनी उलट बहिष्कार घातला.

एक गोष्ट मात्र या वादांत हरवू नये. ओबद्या नावाच्या, यहुदी धर्म स्वीकारलेल्या एका माणसाने त्यांना विचारले होते की माझे पूर्वज यहुदी नव्हते, तर प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असे मी म्हणावे काय? मोशेंचे उत्तर असे की एक शब्दही न बदलता म्हणावे, कारण जो कोणी ही श्रद्धा स्वीकारतो तो अब्राहमचाच वंशज होय. हे उत्तर मला त्यांच्या पुष्कळशा तत्त्वज्ञानाहून मोठे वाटते.

प्रश्न : स्त्रियांच्या बाजूने या पंडितांनी काही निर्णय दिले काय?

उत्तर : माइन्त्सचे रब्बेनू गेर्शोम हे राशींच्या आधीच्या पिढीतले. एकाहून अधिक बायका करण्यास मनाई आणि पत्नीच्या संमतीवाचून घटस्फोट देण्यास मनाई हे दोन नियम त्यांच्या नावे सांगितले जातात. त्यांतील किती त्यांनी स्वतः घातले आणि किती नंतर त्यांच्या नावावर जमा झाले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जर्मनी आणि फ्रान्समधील यहुदींनी ते पाळले हे मात्र निश्चित. इस्लामी देशांतील यहुदींवर पहिला नियम लागू झाला नाही. दुसऱ्याचे पत्र परवानगीशिवाय वाचू नये हा नियमही गेर्शोम यांच्याच नावावर आहे, आणि पत्रांवर चालणाऱ्या समाजात त्याची निकड समजण्याजोगी आहे.

प्रश्न : पॅरिसमध्ये तालमुद जाळल्यानंतर या विद्येचे काय झाले?

उत्तर : १२४० मध्ये पॅरिसमध्ये तालमुदवर जाहीर खटल्यासारखा वाद झाला. धर्मांतरित निकोलस दोनँ फिर्यादीच्या जागी होता आणि बचावाला रब्बी येहियेल उभे होते. निकाल ठरलेलाच होता. १२४२ मध्ये चोवीस गाड्या भरून हस्तलिखिते जाळण्यात आली. छपाई अद्याप दोनशे वर्षे दूर होती, त्यामुळे प्रत्येक प्रत म्हणजे कोणाच्या तरी हातची अनेक महिन्यांची मेहनत होती, आणि फ्रान्समधील पाठशाळा या आघातातून पुरत्या सावरल्या नाहीत. १३०६ मध्ये तर यहुदींना फ्रान्समधून हाकलूनच दिले गेले.

ज्यांच्या शोकगीतामुळे ही घटना अजून गायिली जाते, त्या रोटेनबुर्गच्या मेईर बेन बारूख यांच्याकडे पुढे जर्मनीभरातून प्रश्न येऊ लागले. जर्मनीचा राजा रुडॉल्फ यहुदींना आपल्या खजिन्याची मालमत्ता समजत असे. १२८६ मध्ये मेईर कुटुंबासह देश सोडून निघाले असता त्यांना लोंबार्दीत ओळखून पकडण्यात आले आणि एन्सिसहाइमच्या गढीत डांबण्यात आले. समाज मोठी खंडणी भरायला तयार होता, पण कैद्यांना त्यांच्या मोलापेक्षा जास्त देऊन सोडवू नये या मिश्नातील नियमाला धरून त्यांनी ती नाकारली, असे सोळाव्या शतकातील एका ग्रंथात सांगितले आहे. वाटाघाटी प्रत्यक्षात कशावर फिसकटल्या याबद्दल इतिहासकारांत दुमत आहे. त्यांनी कैदेतूनही प्रश्नांना उत्तरे पाठवली, हे मात्र त्या उत्तरांवरूनच दिसते. १२९३ मध्ये ते कैदेतच वारले. प्रेत चौदा वर्षांनी, १३०७ मध्ये, अलेक्झांडर बेन सालोमोन विंफेन या धनिकाने पैसे मोजून सोडवले आणि त्याच्या इच्छेप्रमाणे पुढे त्यालाही वर्म्सच्या दफनभूमीत त्यांच्या शेजारी जागा मिळाली. दोघांचे दगड आजही तेथे लगतच उभे आहेत.

प्रश्न : जर्मनी-फ्रान्सची आणि स्पेनची परंपरा एकमेकींना कोठे भेटल्या?

उत्तर : टोलेडोत. मेईर यांचे शिष्य आशेर बेन येहियेल हे गुरूंची गत पाहून जर्मनीतून निघाले आणि १३०५ च्या सुमारास टोलेडोला येऊन तेथील रब्बी झाले. स्पेनमधील यहुदी न्यायालये देहदंडाच्या शिक्षांपर्यंत जातात हे पाहून ते चकित झाले. अन्य कोणत्याही देशात असे ऐकले नव्हते, असे त्यांनी आपल्या एका उत्तरात लिहूनही ठेवले. त्यांचे पुत्र याकोब यांनी धर्मकायद्याची चार भागांत मांडणी केली, आणि रंबामांनी वगळलेली मतमतांतरे तीत परत आणली. १४९२ मध्ये स्पेनमधूनही हकालपट्टी झाल्यावर तेथेच जन्मलेले योसेफ कारो पॅलेस्टाइनमधील सफेद या गावी पोहोचले, आणि त्यांनी याच चौकटीवर ‘शुल्हान आरूख’ हा ग्रंथ रचला; तो १५६५ मध्ये व्हेनिसमध्ये छापला गेला. निर्णयासाठी त्यांनी अकराव्या शतकातील धर्मशास्त्रकार अल्फासी, रंबाम आणि आशेर हे तीन प्रमाणपुरुष धरले, आणि दोघांचे जुळेल ते मत घेतले. पोलंडमधील क्राकोचे मोशे इसेर्लेस यांनी हरकत घेतली की या तिघांपैकी दोघे पश्चिमेकडच्या अरबी भाषक मुलखातले, तेव्हा बहुमत दर वेळी तिकडेच झुकणार. त्यांनी आपल्याकडील रूढी टीपांच्या रूपाने लिहिल्या. पुढच्या आवृत्त्यांत कारोंचा मजकूर आणि इसेर्लेसची हरकत एकाच परिच्छेदात, फक्त टाइप बदलून, एकामागोमाग छापली जाऊ लागली.